दुसऱ्या रकान्याची कुळकथा

एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचा फॉर्म मी लिहून दिला होता. तो चालू होऊन दोन दिवसही झाले नसतील, तोच एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. "अहो ताई, दोन्ही चौकटींत मी अक्षर न् अक्षर तेच टाकलंय. तरी खाली लाल अक्षरांत 'पासवर्ड जुळत नाहीत' असंच येतंय. चारदा झालं." मी त्यांना दोन्ही चौकटी रिकाम्या करून नव्याने भरायला सांगितलं. नोंदणी झाली. दोष बाईंचा नव्हता, माझ्या तपासणीचा होता. तो नेमका काय होता ते पुढे सांगते. पण फोन ठेवता ठेवता बाईंनी विचारलं, "नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं एकदाच विचारता. मग हे एवढंच दोनदा का हो?"

"सुरक्षेसाठी," मी म्हणाले.

हे उत्तर साफ चुकीचं होतं. पासवर्ड पुन्हा मागणारा तो दुसरा रकाना चोराला अडवत नाही. कच्चा पासवर्ड पक्का करत नाही. टाकणारा माणूस खरा की खोटा, हेही त्याला कळत नाही. दोनदा '१२३४५६' टाकलं तरी तो खूश असतो. त्याचं काम एकच: तुमच्या बोटांनी जे उमटवलं ते तुमच्या मनात होतं तेच आहे का, हे तुम्हालाच एकदा विचारणं. बाईंना मी हे सांगू शकले नाही याची रुखरुख लागली, आणि मग हा रकाना आला कुठून ते शोधत गेले. त्याचं कूळ संगणकाहून जुनं निघालं.

जून १८८७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या फ्रँक प्रिमरोज या लोकरीच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या आपल्या दलालाला सांकेतिक तार केली. तारेत 'बे' असा शब्द होता, आणि त्यांच्या संकेतात त्याचा अर्थ 'मी खरेदी केली आहे' असा होता. तार पोचली तेव्हा 'बे'चा 'बाय' झाला होता, म्हणजे 'खरेदी कर'. इंग्रजीत हा फरक 'ए' आणि 'यू' या दोन अक्षरांचा, आणि मोर्सच्या लिपीत तो एका ठिपक्याचा. दलालाने हुकूम समजून लोकर घ्यायचा सपाटा लावला. प्रिमरोज यांना वीस हजार डॉलरहून अधिक फटका बसला. ते वेस्टर्न युनियन कंपनीविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९४ मध्ये हरले. तारेच्या कागदामागे अटी छापलेल्या होत्या: तार बिनचूक पोचावी असं वाटत असेल तर निम्मं जादा भाडं भरा, म्हणजे पलीकडच्या टोकाहून ती उलट पाठवून ताडून पाहिली जाईल, तसं न केल्यास चुकीची जबाबदारी तारेच्या खर्चापुरतीच. प्रिमरोज यांनी जादा भाडं भरलं नव्हतं. त्यांच्या पदरात पडले ते तारेचे एक डॉलर पंधरा सेंट.

'पुन्हा सांगा' या मागणीला व्यवहारात किंमत असते, ती इथे भाड्याच्या दरपत्रकातच छापलेली दिसते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इथे पुन्हा सांगणारा माणूस दुसरा होता, तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला.

हीच रीत पुढे पंचकार्डांच्या कारखान्यात आली. जाड कागदाचं कार्ड, त्यावर ऐंशी उभे स्तंभ, आणि प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक जागी भोक. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तोही अशी कार्डं गिळणारा. कार्डावर भोक एकदा पडलं की पडलं, ते बुजवता येत नाही. म्हणून भोकं पाडणाऱ्या यंत्राशेजारी त्याचं जुळं भावंड असे: व्हेरिफायर. आयबीएमचं ०५६ क्रमांकाचं व्हेरिफायर १९४९ चं. दिसायला पंचिंग यंत्रासारखंच, पण ते अक्षरांची भोकं पाडत नसे. भोकं पाडलेलं कार्ड त्यात सरकवायचं, मूळ कागद समोर ठेवायचा आणि तोच मजकूर पुन्हा टंकायचा. दाबलेली कळ आणि कार्डावरचं भोक जुळलं की कार्ड एक घर पुढे सरके. नाही जुळलं की कळफलक अडकून बसे आणि लाल दिवा लागे. दिवा लागला तर पुन्हा प्रयत्न करायचा, कारण चूक आत्ताच्या बोटाचीही असू शकते. तिसऱ्यांदाही जुळलं नाही की यंत्र त्या स्तंभाच्या डोक्यावर, कार्डाच्या वरच्या काठाला खाच पाडे. सगळं कार्ड जुळलं तर खाच उजव्या काठाला. मग गठ्ठा हातात घेऊन नुसती कड पाहिली तरी कुठलं कार्ड पास आणि कुठलं नापास ते कळायचं.

मला या यंत्राबद्दल फार आदर वाटतो. आज आपण फॉर्ममध्ये जे जे करतो ते सगळं त्यात आहे. दोन नोंदींची तुलना आहे. लाल रंग आहे. पुन्हा प्रयत्नाची मुभा आहे. चूक कुठल्या जागी आहे ती खूण आहे, आणि पास झाल्याचीही खूण आहे. शिवाय तिथे एक शहाणपण होतं जे आपल्या फॉर्मला कधीच परवडणार नाही: पंचिंग एकीने केलं असेल तर पडताळणी दुसरीने करावी, असा दंडक पाळला जाई. एकाच माणसाचा हात एकाच जागी पुन्हा तसाच घसरतो. सातचा आकडा एक असा वाचणारी नजर दुसऱ्यांदाही एकच वाचते.

पासवर्डचं गाऱ्हाणं इथूनच सुरू होतं. ते गुपित असल्यामुळे दुसरा माणूस बसवता येत नाही. पडताळणी ज्याची त्यानेच करायची.

संगणकावर पासवर्ड आला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, सीटीएसएस नावाच्या प्रणालीत. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचं प्रात्यक्षिक दाखवलं. एका यंत्रावर अनेकांनी आपापल्या टंकयंत्रावरून एकाच वेळी काम करायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, मग प्रत्येकाचं कुलूपही वेगळं.

टंकयंत्र हा शब्द इथे खऱ्या अर्थाने घ्यायचा. समोर पडदा नव्हता, कागदाचा गुंडाळा होता. जे टंकाल ते शाईने उमटायचं आणि तो कागद नंतर टोपलीत जायचा. पासवर्ड असा उमटला तर टोपली उपसणाऱ्या कोणाच्याही हाती लागणार. म्हणून पासवर्ड मागताना छपाई बंद करायची युक्ती निघाली. काही यंत्रांमध्ये कळ दाबल्यावर अक्षर आधी संगणकाकडे जाई आणि संगणकाने परत पाठवलं तरच उमटे. तिथे संगणकाने गप्प बसायचं एवढंच. पण काही टंकयंत्रांवर अक्षर जागच्या जागी उमटायचंच. त्यांच्यासाठी मल्टिक्स या पुढच्या प्रणालीने वेगळा उपाय केला: आधी त्या जागेवर निरनिराळी अक्षरं एकावर एक छापून काळा पट्टा तयार करायचा आणि माणसाने आपला पासवर्ड त्या पट्ट्यावर टंकायचा. आजच्या काळ्या ठिपक्यांचे हे थोरले भाऊ म्हणायला हरकत नाही.

हा पहिला अंधार. आपण काय लिहितोय ते लिहिणाऱ्यालाच दिसेनासं झालं.

तरीही एवढ्यावरून दोनदा विचारायची गरज पडत नव्हती. नवा पासवर्ड टंकताना बोट चुकलं तर व्यवस्थापकाकडे जायचं. तो पासवर्डांची फाइल उघडून 'तुझ्याकडून अमुक टाकलं गेलंय' असं सांगू शकत होता. पासवर्ड फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असायचे. याचा धोका कळला तोही सीटीएसएसवरच. १९६० च्या दशकात एकदा एक व्यवस्थापक पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा व्यवस्थापक त्या दिवसाची सूचना लिहीत होता. मजकूर-संपादन प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी प्रणालीत शिरे त्याच्या टंकयंत्रावर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

यावरचा तोडगा केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी काढला, आणि तो मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या पुस्तकात नोंदलेला आहे: पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याला गणिताच्या अशा घाण्यातून काढायचं की उसाचा रस निघावा पण रसापासून ऊस करता येऊ नये. साठवायचा फक्त रस. पुढच्या वेळी माणसाने टाकलेला शब्द त्याच घाण्यातून काढायचा आणि दोन रस ताडायचे. बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही संगणक-प्रणाली तयार होत होती. तिच्या पहिल्या आवृत्तीत पासवर्ड उघडे होते, नंतर तिथेही असा घाणा बसला. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये हा सगळा इतिहास एका छोट्या निबंधात मांडला. त्यात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांचा हिशोबही आहे: पंधरा जणांचा पासवर्ड एका अक्षराचा होता, बहात्तर जणांचा दोन अक्षरांचा, आणि एकूण ८६ टक्के पासवर्ड सहज शोधता येण्याजोगे होते.

हा दुसरा अंधार. आता चुकून काय टंकलं गेलं हे व्यवस्थापकालाही सांगता येईना. यंत्रालाही ते ठाऊक नाही. एक बोट घसरलं की आपल्याच घराला न कळणारं कुलूप लागलं.

पहिल्या अंधाराला हा दुसरा येऊन मिळाला आणि दुसरा रकाना जन्माला आला. युनिक्समध्ये ही घटना दोन आवृत्त्यांच्या मध्ये स्पष्ट दिसते, म्हणून मला ती फार आवडते. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत पासवर्ड बदलण्याची 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा अशी होती की आज्ञा, आपलं नाव आणि नवा पासवर्ड हे सगळं एकाच ओळीत टंकायचं. उघड्यावर. डोळ्यांना दिसत असल्यामुळे पुन्हा विचारायचं कारणच नव्हतं. जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आज्ञेने रूप पालटलं. ती आधी जुना पासवर्ड विचारते, मग नवा, मग 'रिटाइप न्यू पासवर्ड', आणि यातलं काहीही कागदावर उमटत नाही. दोन्ही जुळले नाहीत तर ती सांगते, 'मिसमॅच – पासवर्ड अनचेंज्ड', आणि संपते. सोबतच्या माहितीपत्रकात दोनदा टंकण्याचं कारण एका वाक्यात दिलं आहे: चुका व्हायच्या आधी अडवाव्यात म्हणून. त्या वाक्यात सुरक्षेचा उल्लेख नाही. शिक्षिकाबाईंना मी द्यायला हवं होतं ते उत्तर तिथे १९७९ पासून छापलेलं होतं.

त्या आज्ञेच्या वागण्यात एक सूक्ष्म न्याय आहे. ती दोन्ही नोंदी टाकून देते. दुसरी चूक, पहिली बरोबर असं ती मानत नाही. आपल्या चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, तीही एका अर्थाने पडताळणीच. तिथे दोन्हींत फरक पडला तर काय, ते १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या अठराव्या कलमात ठरलेलं आहे: अक्षरी रक्कम खरी धरायची. पासवर्डमध्ये असा वडीलमान कोणालाच नाही. दोन साक्षीदार आहेत आणि दोघेही सारखेच अंधारात आहेत. तरीही आज अनेक फॉर्म लाल रेघ फक्त दुसऱ्या चौकटीखाली ओढतात, जणू चूक तिचीच. माणूस दुसरी चौकट पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसतो आणि घसरलेलं अक्षर पहिलीत सुखाने नांदत असतं.

आणखी एक बारकावा. सातव्या आवृत्तीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं वाचली जात, पुढची सोडून दिली जात. त्यामुळे दुसऱ्या वेळी नववं अक्षर चुकलं तरी 'जुळलं' असाच निकाल लागे. जुळणं म्हणजे काय, हे कोण किती वाचतो यावर ठरतं.

वेबवर हा रकाना आला तो आयता. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेच्या २.० आवृत्तीचं विवरण प्रसिद्ध केलं. त्यात टंकलेला मजकूर झाकणारी पासवर्डची चौकट आहे. पुन्हा विचारणारी चौकट नाही, आणि आजतागायत एचटीएमएलमध्ये तशी वेगळी चौकट आलेली नाही. 'ही चौकट भरलीच पाहिजे', 'किमान इतकी अक्षरं हवीत', 'या साच्यात बसलं पाहिजे' हे सांगायला एचटीएमएल५ मध्ये एकेक शब्द पुरतो. 'ही चौकट त्या चौकटीसारखी हवी' हे सांगायला एकही शब्द नाही. त्यामुळे जगातल्या प्रत्येक फॉर्मवाल्याने ही तुलना आपापल्या हाताने लिहिली आणि आपापल्या हाताने चुकवली.

सुरुवातीला तुलना सर्व्हरवरच व्हायची. फॉर्म पाठवायचा, मोडेमवर ताटकळायचं, आणि 'जुळत नाही' असं पान परत आलं की दोन्ही चौकटी कोऱ्या. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला अवतार लिहिला, डिसेंबरात तिची घोषणा झाली, आणि फॉर्म पाठवण्याआधीच ब्राउझरमध्ये तपासणं हे तिचं पहिल्या काही वर्षांतलं रोजचं काम झालं.

पुढे तयार साधनं आली आणि प्रत्येकाने आपापली गोम सोबत आणली. २००२ मधल्या एएसपी डॉट नेटमध्ये दोन चौकटी ताडणारा तयार तपासनीस होता, पण तपासायची चौकट रिकामी असेल तर तो तपासतच नसे, पास करून टाकी. म्हणजे दुसरा रकाना कोरा ठेवला की काम फत्ते. तो कोरा नाही ना, हे पाहायला वेगळा तपासनीस नेमावा लागे. रूबी ऑन रेल्समध्येही तसंच: पुष्टीचा रकाना फॉर्ममधून आलाच नाही तर तुलना गाळली जाते. जँगोमध्ये दोन रकान्यांना 'पासवर्ड१' आणि 'पासवर्ड२' अशी शाळेतल्या तुकड्यांसारखी नावं आहेत आणि न जुळल्याचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात असतो.

आता माझा दोष. ब्राउझरमध्ये 'सेटकस्टमव्हॅलिडिटी' नावाची सोय आहे. चौकटीला आपल्या शब्दांत चूक सांगणारा संदेश चिकटवता येतो. तो संदेश आहे तोवर चौकट नापास. ती पास करायची तर रिकामा संदेश देऊन जुना पुसावा लागतो. आपोआप तो जात नाही. मी तुलना दुसऱ्या चौकटीला बांधली होती: तिच्यात काही बदललं की दोन्ही ताडायच्या. शिक्षिकाबाईंनी पहिल्या चौकटीत चूक केली होती, दुसरीत बरोबर टाकलं होतं. संदेश आला. त्यांनी नीट विचार केला, चूक पहिलीत असावी असं ओळखलं आणि पहिलीच दुरुस्त केली. आता दोन्ही सारख्या. पण दुसरीला हातच लागला नाही, म्हणून माझी तपासणी जागीच झाली नाही आणि लाल अक्षरं तशीच राहिली. माझ्या फॉर्मने सगळ्यात विचारी माणसालाच खोटं पाडलं होतं. तेव्हापासून मी दोन्ही चौकटींना कान लावते. कुठलीही हलली की तुलना नव्याने.

तुलना केव्हा करायची हाही प्रश्न आहेच. दुसऱ्या चौकटीत पहिलं अक्षर पडताच 'जुळत नाही' म्हणणारे फॉर्म मला उद्धट वाटतात. माणूस अजून बोलतोय. त्याने चौकट सोडली की मग सांगावं. एकदा चूक दाखवल्यावर मात्र ती दुरुस्त होताच त्या क्षणी संदेश काढून घ्यावा. आणि नुसता लाल रंग पुरत नाही. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत किंवा जे पडदा ऐकून वापरतात, त्यांना शब्दांतच सांगावं लागतं.

मराठीत पासवर्ड ठेवू पाहणाऱ्याची परीक्षा आणखी अवघड आहे. या लेखाच्या मथळ्यातला 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. 'ऱ' हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, ही एक तऱ्हा. साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, ही दुसरी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. एरवी एकाच अक्षराची निरनिराळी लेखनं एका रूपात आणण्यासाठी युनिकोडचे सामान्यीकरणाचे नियम आहेत, पण हे दोन ऱ्या त्या नियमांनीही एक होत नाहीत. दोन्ही रकाने एकाच कळफलकावरून भरले तर जुळतील, 'झालं' म्हणून हिरवी खूण येईल; आणि महिन्याने दुसऱ्या फोनवरून तोच शब्द टाकला की दार बंद. दुसऱ्या रकान्याला हे कधीच पकडता येणार नाही, कारण दोन्ही वेळा हात एकच आणि कळफलकही एकच. व्हेरिफायरच्या खोलीतला दुसरा माणूस इथे आठवतो. कॅप्स लॉक चुकून चालू राहिल्यावरही हेच होतं: दोन्ही नोंदी चुकतात, आणि एकमेकींशी जुळतात.

या रकान्याची एक शाखा आपल्याकडे बँकांत रुजली, आणि तिची नोंद खुद्द रिझर्व्ह बँकेच्या कागदावर आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवण्याबद्दल परिपत्रक काढलं: पैसे जमा होतील ते फक्त खाते क्रमांकावरून, नाव ताडून नव्हे. मग क्रमांक चुकला तर? ग्राहकाकडून खाते क्रमांक एकाहून अधिक वेळा भरून घ्यावा, पहिली नोंद झाकून ठेवावी, पासवर्ड बदलताना करतात तसं, असा उपाय त्यातच सुचवला होता. खाते क्रमांक काही गुपित नसतं. तो झाकायचा तो चोरापासून नव्हे, भरणाऱ्याच्याच डोळ्यांपासून: वरच्या चौकटीतून नक्कल करू नये, पासबुकात पुन्हा पाहून भरावा. इथे अंधार मुद्दाम पाडला, आणि मला तो पटतो. चुकीच्या खात्यात गेलेली पेन्शन परत मिळवताना काय हाल होतात ते ज्याने पाहिलंय त्याला दहा-बारा आकडे पुन्हा टंकायचा कंटाळा यायचा नाही. १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. दुसऱ्या हाताऐवजी आता दुसरं माहीतगार यंत्र.

ईमेल पुन्हा विचारणारा रकाना मात्र मला पटत नाही. ईमेल उघडा दिसतो. माणूस वरचा उचलतो आणि खाली चिकटवतो, चुकीसकट. ते होऊ नये म्हणून चिकटवण्यावर बंदी घालणारे फॉर्म तर जास्तच नुकसान करतात, कारण तीच बंदी ते पासवर्डच्या चौकटीलाही लावतात आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या साधनांनी तयार केलेला लांबलचक पासवर्ड मग हाताने टंकावा लागतो. मग माणूस सोपा पासवर्ड निवडतो.

जून २००९ मध्ये याकोब नीलसन यांनी पासवर्ड झाकणं बंद करा असा लेख लिहिला. बहुतेक वेळा माणूस एकटाच बसलेला असतो, ठिपके फक्त त्यालाच छळतात, असं त्यांचं म्हणणं. खूप वाद झाला. २०१२ च्या इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चित्र आलं: त्यावर दाबून धरा, अक्षरं दिसतील. जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने टंकलेला पासवर्ड पाहायची मुभा द्यावी आणि चिकटवू द्यावं असं आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं. डोळा आला की पहिला अंधार गेला. 'पासवर्ड विसरलात?' ही कडी आली, ईमेलवर नवा दुवा येऊ लागला, त्यामुळे दुसऱ्या अंधाराचीही धार गेली. ज्या दोन कारणांनी रकाना जन्मला ती दोन्ही ओसरली, आणि अनेक फॉर्मवरून तो गुपचूप निघून गेला. पतसंस्थेच्या फॉर्मवरूनही मी तो काढला आणि डोळा बसवला. बाईंना फोन करून कळवलं, आणि त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तरही तेव्हाच दिलं. "म्हणजे शुद्धलेखनाची वही," त्या म्हणाल्या. "स्वतःच तपासायची."

गेल्या महिन्यात मी नव्या लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद केली, लिनक्सवर. तिथे डोळ्याचं चित्र नसतं, ठिपकेही नसतात. 'विसरलात?' असं विचारणारी कडीही नसते. ते वाक्य हरवलं की आतलं सगळं कायमचं गेलं. मी एक लांब वाक्य टंकलं. पडद्यावर काहीही हललं नाही. खाली ओळ आली: 'व्हेरिफाय पासफ्रेज'. मी बोटं उचलली, कळफलकावर पुन्हा नीट ठेवली, आणि एकेक अक्षर सावकाश दाबत गेले.